काळ्या पडद्यावर बांधलेला घाट

नाशिकमध्ये अंबड-सातपूरकडच्या जुन्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, मशीनच्या शेजारी अजूनही एखादा पिवळट पडलेला पीसी भेटतो. धुळीसाठी वर प्लॅस्टिकचं कव्हर, की-बोर्डवर कूलंटचे डाग. आत डॉस, कमांड टाइप करून चालवायची विंडोजच्या आधीची सिस्टिम. मागच्या सिरियल पोर्टातून निघालेली केबल मशीनच्या कंट्रोलरपर्यंत गेलेली. पडद्यावर शेजारी-शेजारी दोन निळ्या चौकटी: डावीत जॉबचे प्रोग्रॅम, उजवीत त्यांची जपून ठेवलेली प्रत. ऑपरेटरला डॉसची एखादी कमांड विचारली तर तो नुसता हसेल. पण टॅब दाबून पलीकडच्या चौकटीत जायचं, इन्सर्टनं फाइल पिवळी करायची, एफ-५ नं कॉपी मारायची, हे त्याच्या बोटांत बसलेलं असतं.

ही निळी पाटी नॉर्टन कमांडरची. जॉन सोचानं लिहिलेला हा प्रोग्रॅम पीटर नॉर्टनच्या कंपनीनं १९८६ मध्ये बाजारात आणला. तेव्हा डॉसचं तोंड म्हणजे ‘सी’, दोन टिंबं, एक तिरकी रेघ आणि लुकलुकणारा कर्सर. फाइलच्या नावाला आठ अक्षरं, मग टिंब, मग तीन अक्षरं. कमांडचं एक अक्षर चुकलं की ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ एवढंच उत्तर, आणि काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा. कमांडरनं नावं पाठ करण्याची सक्ती काढून टाकली. यादी समोर आहे, बाण हलवा आणि दाबा.

तरी त्याची खरी हुशारी निळ्या चौकटींच्या खाली आहे. तिथं डॉसची ओळ तशीच उघडी ठेवलेली असते. चौकटीतल्या फाइलवर उभं राहून कंट्रोल-एंटर दाबलं की तिचं नाव खालच्या ओळीत उतरतं. पुढचं मागचं आपण लिहायचं. कंट्रोल-ओ दाबलं की दोन्ही चौकटी बाजूला होतात आणि कमांडनं काय उत्तर दिलं होतं ते मागच्या काळ्या पडद्यावर दिसतं. पुन्हा दाबलं की चौकटी परत. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. तर गंगेवरच्या घाटाचं काम हेच: पाय घसरू नये म्हणून पायऱ्या, पण शेवटची पायरी पाण्यात असते, हात बुडवता येतो. पायऱ्या बांधता-बांधता तळालाच काँक्रीट घातलं तर काय होतं, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

कमांडवर चालणाऱ्या सिस्टिमवर बसवलेला कुठलाही डेस्कटॉप याच एका कसोटीवर घासून बघावा. पायऱ्या पाण्यापर्यंत जातात का?

मायक्रोसॉफ्टनं १९८८ च्या एमएस-डॉस ४ बरोबर स्वतःचं डॉस शेल दिलं. १९९१ मध्ये पाचव्या आवृत्तीत त्याला टास्क स्वॅपर मिळाला. लोकांना वाटलं, आता दोन प्रोग्रॅम एकदम चालतील. तसं नव्हतं. एका वेळी चालायचा एकच. दुसरा डिस्कवर गुंडाळून गोठवून ठेवलेला असायचा. लांबलचक रिपोर्टची प्रिंट लावून कुणी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेलं की प्रिंट अर्ध्यात थांबायची आणि शिव्या प्रिंटरला बसायच्या. विंडोज ३.० मे १९९० मध्ये आलं आणि ३.१ त्यानंतर दोन वर्षांनी. तीही डॉसच्याच खांद्यावर बसलेली. पीसी आधी डॉसमध्ये उघडायचा, मग ‘विन’ टाइप करायचं. कंटाळा आला की लोक ‘विन’ ही ओळ ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ फाइलीच्या शेवटी घालून ठेवायचे. ‘कॉन्फिग डॉट सिस’ मधली ‘हायमेम’ची ओळ कुणी चुकून उडवली तर विंडोज ३.१ उघडायचंच नाही, कारण १ एमबीच्या पलीकडची मेमरी हातात देणारा माणूस तोच. विंडोज ९५ नं डॉस पडद्याआड ढकललं, तरी दार पूर्ण लावलेलं नव्हतं: ‘एमएसडॉस डॉट सिस’ या फाइलीत ‘बूटजीयूआय’ समोरचा १ काढून ० केला की मशीन सरळ काळ्या पडद्यावर उघडायचं.

इथून पुढे लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, कारण आज कमांडच्या सिस्टिमवर डेस्कटॉप चढवायची वेळ खऱ्या अर्थानं तिथंच येते. एक सूचना आधी: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, आणि लहान लिपीतली अक्षरं. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं.

‘डेस्कटॉप मॅनेजर’ हा शब्द लोक सैल वापरतात आणि मदत मागताना तिथंच घोळ होतो. त्यात निदान चार वेगवेगळे गडी आहेत. सगळ्यात खाली चित्र काढणारा: एक्स विंडो सिस्टिम. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली ही सिस्टिम. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ची, आणि तीच अजून ‘एक्स-११’ म्हणून चालते. नवीन डेस्कटॉप हळूहळू तिच्या जागी वेलँड घेतायत. त्यावर खिडक्यांना कडा, बंद करायची फुली आणि ओढायची पट्टी देणारा विंडो मॅनेजर. त्यावर पट्टी, मेनू, आयकॉन, फाइल मॅनेजर, घड्याळ हा सगळा संसार, ज्याला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. आणि या सगळ्यांच्या आधी दारात उभा राहून नाव-पासवर्ड विचारणारा डिस्प्ले मॅनेजर: लाइटडीएम, जीडीएम किंवा एसडीडीएम.

हे चौघे वेगळे प्रोग्रॅम आहेत आणि वेगवेगळे मरतात. एक्सएफसीई या डेस्कटॉपवर हे छान दिसतं. खिडक्यांच्या कडा आणि फुल्या गेल्या, खिडकी हलेना: विंडो मॅनेजर ‘एक्सएफडब्ल्यूएम-४’ पडला. खिडक्या ठीक, पण मेनूची पट्टीच गायब: ‘एक्सएफसीई-४-पॅनेल’ पडलं. पट्टी आहे, पण मागचं चित्र आणि आयकॉन नाहीत, उजव्या क्लिकला कोणी विचारत नाही: ‘एक्सएफडेस्कटॉप’ गेलं. तिन्ही वेळा मशीन रीस्टार्ट करायची गरज नसते. ऑल्ट-एफ-२ दाबून जो पडला त्याचं नाव टाकायचं, विंडो मॅनेजरच्या नावापुढे ‘--रिप्लेस’ जोडायचं, आणि अर्ध्या सेकंदात तो उठून उभा राहतो. उघडी असलेली बिलं तशीच राहतात. प्रत्यक्षात दुकानात काय होतं? पट्टी दिसत नाही म्हणून बटण पाच सेकंद दाबून धरलं जातं आणि न साठवलेलं सगळं जातं.

कुठला डेस्कटॉप घ्यायचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. केडीई १४ ऑक्टोबर १९९६ रोजी मॅथियस एट्रिखच्या घोषणेतून सुरू झाला; त्याच्या पायात असलेल्या क्यूटी लायब्ररीचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये जीनोम उभा राहिला. एक्सएफसीईही १९९६ चाच, पण तो या भांडणापासून लांब आपलं साधं काम करत राहिला. जुन्या मशीनवर निवड सोपी आहे: २ ते ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, ८ जीबी असेल तर जे डोळ्याला आवडेल ते. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या इन्स्टॉल मार्गदर्शिकेत डेस्कटॉपशिवाय ५१२ एमबी आणि डेस्कटॉपसह २ जीबी रॅम सुचवलेली आहे. डेस्कटॉप स्वतः त्यातला थोडाच भाग खातो. उरलेली ब्राउझर खातो, आणि त्याला कुठलाही डेस्कटॉप आवरू शकत नाही. फिरती हार्डडिस्क काढून सॅटा एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो डेस्कटॉप बदलून पडत नाही. आणि प्रोसेसर ३२-बिट असेल तर डेबियन १२ वरच थांबावं; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

पण मराठी माणसाला डेस्कटॉप का लागतो याचं आणखी एक कारण आहे, आणि ते सोयीच्या पलीकडचं आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्याला देवनागरी काढताच येत नाही. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ आकार मावतात, एका अक्षराला एक ठरावीक चौकोन मिळतो, आणि अक्षरांनी एकमेकांत गुंतायची सोय नाही. आपल्याकडे तर पहिली वेलांटी टाइप होते नंतर आणि बसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यात एकात रफार, दुसऱ्यात अर्धा चंद्रासारखा र. ‘आचार्यास’ बोलवायचं की ‘आचाऱ्यास’, जेवणाचा सगळा बेत त्यावर अवलंबून. युनिकोडमध्ये त्या दुसऱ्या र ला स्वतंत्र जागा आहे, ०९३१. हे आकार जुळवणारी लायब्ररी डेस्कटॉपच्या थरात बसते, कन्सोलमध्ये नाही. म्हणून डेस्कटॉपमधल्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, फाइलींची मराठी नावं निदान ओळखू येतात, तर खऱ्या काळ्या पडद्यावर त्याच नावांच्या जागी चौकोनांची रांग लागते.

डॉसच्या काळातही हीच अडचण होती आणि तिचं उत्तर पुण्यातून मिळालं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकनं जिस्ट कार्ड दिलं: पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं हार्डवेअर कार्ड, जे डॉसच्या अक्षरांच्या पडद्यावर भारतीय लिप्या काढायचं. लिपी जुळवायचं काम प्रोग्रॅमला नव्हे तर कार्डाला, हा विचार त्या वेळच्या मशीनच्या ताकदीकडे पाहता अचूकच होता. आज तेच काम एक मोफत लायब्ररी करते आणि आपल्या लक्षातही येत नाही.

आता बसवण्याकडे. डेबियनचा इन्स्टॉलर शेवटाकडे एक यादी दाखवतो: जीनोम, एक्सएफसीई, केडीई वगैरे. तिथं निवड स्पेसबारनं करायची असते. सवयीनं एंटर दाबलं की निवड होत नाही, तो सरळ पुढे जातो, आणि ज्यावर आधीपासून खूण होती तेच बसतं. २ जीबीच्या मशीनवर जीनोम बसून सगळं कुंथत चाललंय, अशा तक्रारींचं मूळ पुष्कळदा या एका एंटरमध्ये सापडतं. त्याआधीचा एक प्रश्नही जपून: रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड. तो रिकामा सोडला तर पहिल्या युजरला आपोआप ‘सुडो’चे, म्हणजे रूटच्या ताकदीनं कमांड चालवायचे, अधिकार मिळतात. भरला तर मिळत नाहीत, आणि पुढे प्रत्येक ‘सुडो’ कमांडला ‘तुम्ही सुडोअर्स फाइलीत नाही’ असं बजावलं जातं. एकट्या दुकानदाराच्या मशीनवर रिकामा सोडणं बरं.

काही जण आधी बिनडेस्कटॉपचं डेबियन टाकून मग वरून डेस्कटॉप चढवतात. मशीन हलकं राहतं आणि काय कुठून आलं ते कळतं, म्हणून रीत चांगली आहे. ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ पुढे ‘एक्सएफसीई-४’ आणि ‘लाइटडीएम’. आणखी हलकं करायच्या नादात ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ जोडलं, तर मात्र पुढचे दोन दिवस एकेक उणीव सापडत राहते. पेनड्राइव्ह लावला तर आयकॉन येत नाही, कचरापेटीही नाही: ‘जीव्हीएफएस’ आणि ‘यूडिस्क्स-२’ राहिलेत. पासवर्ड विचारायची खिडकी येत नाही, कृती गुपचूप नाकारली जाते: पोलकिटचा एजंट राहिलाय. आवाजाचं बटण नाही: पल्सऑडिओचं प्लगइन राहिलंय. मेहनत वाचवायची असेल तर ती ‘नो’ काढून टाकावी, काहीशे एमबी जास्त जातील एवढंच.

या रीतीत एक खोडा मात्र हमखास लागतो. बिनडेस्कटॉपचं डेबियन बसवताना नेटवर्क जोडलेलं असतं, आणि त्याची नोंद ‘/इटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलीत जाते. नंतर डेस्कटॉपबरोबर नेटवर्क मॅनेजर येतो, ती फाइल वाचतो, आणि त्यात ज्या कार्डाचं नाव आहे त्याला हात लावत नाही. पट्टीवरचा वायफायचा आयकॉन सांगतो, ‘डिव्हाइस मॅनेज होत नाही’. इंटरनेट चालू, पण दुसऱ्या वायफायवर जाता येत नाही. उपाय: त्या फाइलीत ‘लो’ या नावाच्या दोन ओळी तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्यांपुढे ‘हॅश’ चिन्ह लावायचं, आणि मशीन पुन्हा चालू करायचं. ओळी पुसायच्या नाहीत. हॅश लावलेली ओळ परत आणता येते.

मराठीसाठी तीन गोष्टी वेगवेगळ्या कराव्या लागतात, आणि लोक एकच करून थांबतात. फॉन्ट: लोहित किंवा नोटो, देवनागरीचे. कळफलक: ‘आयबस’ आणि त्याचं ‘एम-१७-एन’ पॅकेज, त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि गमभन असे पर्याय मिळतात. एक्सएफसीईत आयबस आपणहून सुरू होत नाही, ‘आयएम-कॉन्फिग’ चालवून त्याला निवडावं लागतं आणि मग लॉग-आउट करून परत यावं लागतं. नुसती खिडकी बंद करून उघडल्यानं होत नाही, कारण ती सेटिंग सेशन सुरू होतानाच वाचली जाते. तिसरी गोष्ट भाषा, म्हणजे लोकॅल. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकॅल्स’ चालवून मराठी-भारत निवडता येतं. मेनू मराठीत येतात, तारखा मराठीत येतात. पण इथं आधीचा मुद्दा उलटून अंगावर येतो: मशीन बिघडून काळ्या पडद्यावर जायची वेळ आली, तर ज्या संदेशांचं मराठी भाषांतर झालेलं आहे नेमके तेच चौकोनांत दिसतात. तिथं सगळ्यात आधी ‘एक्सपोर्ट लँग बरोबर सी’ एवढं टाइप करावं, ‘लँग’ आणि ‘सी’ मोठ्या अक्षरांत, ‘बरोबर’च्या जागी = चिन्ह. संदेश इंग्रजीत येऊ लागतात. अडचणीच्या वेळी वाचता येणारी इंग्रजी न वाचता येणाऱ्या मराठीपेक्षा बरी. हे लिहिताना जिवावर येतं, पण तसंच आहे.

आता एक गोष्ट जवळून बघू: डेस्कटॉपवरचा आयकॉन. मेन रोडवरच्या एखाद्या दुकानाला रोज रात्री हिशेबाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर हवी आहे, आणि गल्ल्यावर बसणाऱ्याला एक डबल-क्लिक एवढंच शिकवायचंय. लिनक्समध्ये आयकॉन म्हणजे साधी मजकुराची फाइल, शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’. पहिली ओळ चौकटी कंसात ‘डेस्कटॉप एंट्री’. मग ‘टाइप’ समोर ‘ॲप्लिकेशन’, ‘नेम’ समोर नाव, ‘एक्झेक’ समोर चालवायची कमांड, ‘आयकॉन’ समोर चित्र, ‘टर्मिनल’ समोर ‘ट्रू’. ‘नेम’च्या पुढे चौकटी कंसात ‘एमआर’ लिहून आणखी एक ओळ घातली तर मराठी लोकॅलवर ‘हिशेबाची प्रत’ असं नाव दिसतं आणि इंग्रजी लोकॅलवर इंग्रजी. क्लिकच्या आत कमांडच आहे, आणि ती उघडून वाचता येते.

‘एक्झेक’च्या ओळीत लोक फसतात. ती ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, जात नाही. त्यामुळे घराच्या फोल्डरसाठीचं लाटेसारखं चिन्ह तिथं उलगडत नाही, आणि दोन कमांड जोडणारं चिन्हही नुसतं अक्षर म्हणून पुढे जातं. टर्मिनलमध्ये चालणारी ओळ आयकॉनमध्ये चालत नाही ती यामुळे. खरी कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांडांच्या साध्या फाइलीत, लिहावी, तिला ‘सीएचमॉड +एक्स’ द्यावं आणि ‘एक्झेक’मध्ये तिचा ‘/होम’पासूनचा पूर्ण पत्ता घालावा. आयकॉनच्या फाइलीलाही चालवायची परवानगी लागते, नाहीतर एक्सएफसीई दर वेळी ‘यावर विश्वास ठेवायचा का’ विचारत बसतो. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली असेल तर ओळींच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह राहतं आणि स्क्रिप्ट ‘अशी फाइलच नाही’ म्हणते, फाइल डोळ्यांसमोर असताना.

प्रतीसाठी ‘आरसिंक’ चांगलं, पण त्याच्या तिरक्या रेघेकडे लक्ष हवं. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी रेघ दिली तर फोल्डरमधला माल जातो. नाही दिली तर अख्खा फोल्डर जातो. एक दिवस असं, एक दिवस तसं केलं की पेनड्राइव्हवर हिशेबात हिशेब तयार होतो. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ असतो, आणि त्याला मालक-परवानगी असलं काही साठवता येत नाही. म्हणून नेहमीचं ‘-ए’ वापरलं तर परवानगी नाकारल्याच्या ओळी पडद्यावर पाऊस पाडतात. तिथं ‘-आरटी’ पुरे. शिवाय फॅट वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं लिहितं, त्यामुळे न बदललेल्या फाइलीही बदलल्यासारख्या वाटून पुन्हा-पुन्हा कॉपी होतात. ‘--मॉडिफाय-विंडो’ समोर १ लिहिलं की ते थांबतं. ‘--डिलीट’ घालायचा मोह टाळावा: मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला त्या रात्री प्रतही रिकामी होईल.

सगळ्यात वाईट घोळ मात्र गुपचूप होतो. पेनड्राइव्ह ‘/मीडिया’खाली युजरच्या नावाच्या फोल्डरात, स्वतःच्या लेबलच्या नावानं जोडला जातो. म्हणून आधी त्याला रोमन अकरा अक्षरांच्या आतलं लेबल द्यावं. पण एखाद्या रात्री तो न लावताच आयकॉनवर क्लिक केलं, आणि त्या नावाचा फोल्डर आधीच कुणीतरी हातानं तयार करून ठेवलेला असेल, तर प्रत त्याच मशीनच्या डिस्कवर उतरते. पडद्यावर सगळं यशस्वी. पेनड्राइव्ह खिशात, कोरा. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट -क्यू’ आणि तो पत्ता द्यावा, आणि उत्तर नकारार्थी आलं तर ‘पेनड्राइव्ह लावा’ असं छापून बाहेर पडावं. शेवटी ‘सिंक’ आणि त्याखाली ‘रीड’. ‘सिंक’मुळे मेमरीत थांबलेलं सगळं खरंच पेनड्राइव्हवर जातं, आणि ‘रीड’मुळे एंटर दाबेपर्यंत खिडकी उघडी राहते. नाहीतर चूक काय झाली ते वाचायच्या आत ती मिटते.

राहिला बिघाड. वीज गेली, आली, मशीन चालू केलं आणि लॉग-इनचा पडदा आला. पासवर्ड बरोबर, तरी क्षणभर काळं होऊन पुन्हा तोच लॉग-इनचा पडदा. याला बहुतेक जण पासवर्ड बिघडला म्हणतात. पासवर्ड चुकला असता तर तसं लिहून आलं असतं. इथं दारातल्या माणसानं आत सोडलंय, पण आत संसार उभा राहत नाहीये. कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ दाबा. काळ्या पडद्यावर ‘लॉग-इन’ उमटलं म्हणजे सिस्टिम जिवंत आहे. नाव टाका, पासवर्ड टाका. टाकताना ठिपकेही दिसत नाहीत, ते बरोबरच आहे. आकड्यांचा पासवर्ड असेल तर न्यूमलॉक बघा.

पहिली कमांड ‘डीएफ -एच’: डिस्क किती भरलीय ते ती सांगते. पावसाळ्यात नाशिककर पूर किती आला हे मीटरमध्ये विचारत नाहीत, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. ‘डीएफ’मधला टक्क्यांचा रकाना म्हणजे तोच मारुती. नुसती तिरकी रेघ असलेल्या ओळीसमोर शंभर टक्के दिसलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं. सेशन सुरू होताना घराच्या फोल्डरात छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा नाही, लिहिता येत नाही, सेशन पडतं, परत लॉग-इन. ‘ईएक्सटी-४’ डिस्कचा पाच टक्के भाग मूळच्या सेटिंगप्रमाणे रूटसाठी राखून ठेवतं, म्हणूनच शंभर टक्क्यांवरही काळ्या पडद्यावर काम करता येतं. ‘सुडो एपीटी क्लीन’ केलं की उतरवून ठेवलेली पॅकेजं जातात, ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ’ समोर १०० एम लिहिलं की नोंदवह्या कापल्या जातात. बहुतेक वेळा एवढ्यावर पाणी ओसरतं.

डिस्क मोकळी असूनही तेच होत असेल तर घराच्या फोल्डरात ‘एलएस -एल डॉट एक्सऑथॉरिटी’ बघा, त्यातला फक्त एक्स मोठा. मालकाच्या जागी तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ दिसलं तर कधीतरी कुणी सुडो लावून डेस्कटॉप उघडलेला आहे. ‘सुडो सीएचओन’ करून मालकी परत घ्या, मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट लाइटडीएम’.

लॉग-इनपर्यंतही न पोचता ‘इनिटरॅमएफएस’ असं कंसात लिहून मशीन थांबलं, तर वीज जाताना डिस्कवर लिहिणं अर्धवट राहिलेलं असतं. वरच्या ओळींत कुठल्या विभागाची तक्रार आहे ते नाव असतं. ‘एफएससीके -वाय’ पुढे तेच नाव, मग ‘एक्झिट’. आणि अपडेटनंतर काळा पडदा आला तर मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, निवडावं; ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बहुधा नव्या कर्नलसाठी तयार झालेला नसतो. आधीच्यानंही उघडेना, तर तिथंच ‘ई’ दाबून ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायचं आणि कंट्रोल-एक्स. चित्र जाडंभरडं येईल, पण येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे भीती नाही.

काळ्या पडद्यावर फाइली हलवायच्या असतील तर ‘एमसी’ टाकून ठेवावं: मिडनाइट कमांडर, १९९४ चा. त्याच दोन निळ्या चौकटी, तोच एफ-५, तोच कंट्रोल-ओ. वर्कशॉपमधल्या त्या ऑपरेटरला लिनक्ससमोर बसवलं तर बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये बाहेर पडायचा एफ-१० मात्र टर्मिनलचाच मेनू उघडतो; तिथं एस्केप दाबून शून्य दाबलं की काम होतं.

काम झालं की लाइटडीएम असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ-७ नं परत डेस्कटॉपवर. मॉनिटरच्या मागे एक कागद चिकटवून ठेवावा, जाड पेननं: कंट्रोल-ऑल्ट-एफ-३, एक्सपोर्ट लँग, डीएफ -एच, लाइटडीएम रीस्टार्ट, एफ-७. डेस्कटॉपचं नाव आणि युजरचं नावही. पासवर्ड तेवढा लिहू नये. बहुतेक दुकानांत त्या कागदावर तोच एकटा असतो.